मेनमधून असिंक मेथड कॉल केली की सी शार्प प्रोग्राम मध्येच का संपतो?

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. “कन्सोल ॲप चालवलं, पहिली ओळ छापली गेली आणि लगेच प्रॉम्प्ट परत आला. एरर नाही, एक्सेप्शन नाही, काम मात्र झालेलं नाही.” त्यात भर म्हणजे ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे सरकलं की तेच काम कधीकधी व्यवस्थित पूर्ण होतं. मग संशय नेटवर्कवर जातो, फायरवॉलवर जातो, एपीआयच्या लिमिटवर जातो. मेन मेथडकडे, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडकडे, सगळ्यात शेवटी लक्ष जातं, कारण तिच्यात असतात जेमतेम दोन ओळी.

उदाहरणासाठी रोज रात्री चालणारा एक छोटा प्रोग्राम घेऊ. डेटाबेसमधून थकबाकीदार ग्राहकांची यादी काढायची आणि प्रत्येकाला गेटवेमार्फत एसेमेस पाठवायचा. कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, एडिटरमध्ये त्या नेहमीसारख्या रोमनमध्येच टाइप करायच्या.

    स्टॅटिक व्हॉइड मेन(स्ट्रिंग[] आर्ग्स)
    {
        कन्सोल.राइटलाइन("सुरू");
        सेंडऑलअसिंक();
    }

सेंडऑलअसिंक ही ‘असिंक टास्क’ मेथड आहे, म्हणजे ती काम पूर्ण व्हायच्या आधीच परत येऊ शकते आणि त्या कामाची पावती म्हणून एक ‘टास्क’ देते; ‘अवेट’ म्हणजे तो टास्क पूर्ण होईपर्यंत पुढची ओळ न चालवणं. तिच्यात आधी यादी आणण्यासाठी एक अवेट आहे आणि मग लूपमध्ये प्रत्येक नंबरसाठी एक. हा कोड बिल्ड होतो. चालवला की ‘सुरू’ दिसतं आणि प्रोग्राम संपतो. एकही एसेमेस जात नाही, किंवा गेलेच तर सुरुवातीचे एकदोन.

आत काय घडतं

असिंक मेथड कॉल केली म्हणजे ती दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्यावर) गेली, असा एक समज पक्का बसलेला असतो. तसं होत नाही. सेंडऑलअसिंक मेन थ्रेडवरच सुरू होते आणि जिथे खरोखर थांबावं लागेल अशा पहिल्या अवेटपर्यंत त्याच थ्रेडवर चालते. डेटाबेसचं उत्तर अजून आलेलं नाही असं दिसलं की ती उरलेलं काम ‘नंतर पुढे चालू’ म्हणून नोंदवते आणि हातात एक अपूर्ण टास्क देऊन मेनमध्ये परतते. आपल्या मेनला त्या टास्कशी काही देणंघेणं नाही. तिचा शेवटचा कंस येतो आणि मेन संपते.

मेन संपली की डॉट नेटचा रनटाइम एवढंच बघतो की एखादा फोरग्राउंड थ्रेड, म्हणजे ज्याच्यासाठी प्रोसेसला थांबावंच लागतं असा, अजून जिवंत आहे का. अवेटनंतरचं काम ज्या थ्रेड पूलवर (रनटाइमने तयार ठेवलेल्या थ्रेडच्या साठ्यावर) चालायचं असतं, त्याचे सगळे थ्रेड बॅकग्राउंड असतात. त्यांच्यासाठी रनटाइम थांबत नाही. प्रोसेस बंद होते आणि अर्धवट टास्क तिच्याबरोबर जातो. डीबगरमध्ये काम पूर्ण होतं ते याचमुळे: तुम्ही मेनमधल्या ब्रेकपॉइंटवर रेंगाळता तेव्हा प्रोग्रामचे थ्रेड थांबलेले असतात, पण डेटाबेसचं उत्तर तेवढ्या वेळात येऊन पडतं, आणि एकेक ओळ पुढे सरकताना मागच्या कामाला चालायची संधी मिळते.

हे एक्सेप्शनने लक्षात का येत नाही? कारण एक्सेप्शन आलं तरी ते टास्कच्या आत साठवलं जातं, आणि तो टास्क कोणी बघतच नाही. डॉट नेट ४.५ पासून असं न बघितलेलं एक्सेप्शन प्रोसेस पाडत नाही. त्यामुळे एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो यश-अपयशाचा आकडा, शून्य येतो आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘लास्ट रन रिझल्ट’च्या रकान्यात सगळं आलबेल दिसतं. सकाळी ग्राहकाचा फोन आल्यावरच कळतं.

कंपायलर तरी काही बोलतो का? इथे एक बारीक गोष्ट आहे. ‘हा कॉल अवेट केलेला नाही’ अशी सीएस४०१४ क्रमांकाची वॉर्निंग सी शार्पमध्ये आहे, पण ती हमखास मिळते ती असिंक मेथडच्या आत केलेल्या कॉलसाठी. वरची मेन साधी व्हॉइड आहे, आणि अशा मेथडमधल्या कॉलवर कंपायलर दरवेळी बोलेलच असं नाही. जिथे वॉर्निंगची सर्वांत जास्त गरज, नेमकी तिथेच तिच्यावर विसंबता येत नाही.

शेवटी रीडलाइन टाकणं

यावरचा सर्वांत लोकप्रिय तोडगा म्हणजे मेनच्या शेवटी कन्सोल.रीडलाइन() लिहायचं. स्वतःच्या मशीनवर तो चालतोही. खिडकी उघडी राहते, एसेमेस जातात, आपण एंटर दाबतो, प्रोग्राम संपतो. ‘फिक्स झालं’ म्हणून कमिट होतं.

सर्व्हरवर गेल्यावर याचे दोन प्रकारे बारा वाजतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून, कोणी लॉग-इन नसताना प्रोग्राम चालवला, तर एंटर दाबायला तिथे माणूस नसतो. काम संपलं तरी शेड्युलरमधला टास्क ‘रनिंग’ याच अवस्थेत अडकून राहतो. शेड्युलरचा डिफॉल्ट नियम आहे की आधीची प्रत चालू असेल तर नवी सुरू करायची नाही. आणि आपणहून टास्क मारण्याची डिफॉल्ट मुदत आहे ३ दिवस. म्हणजे सोमवारी रात्रीचे एसेमेस गेले, मंगळवार-बुधवारचे गेलेच नाहीत, अशी विचित्र तक्रार येते आणि कोडमध्ये त्याचं कारण शोधून सापडत नाही.

लिनक्सवर उलटं. डॉकर कंटेनर इंटरॲक्टिव्ह पर्याय न देता सुरू केला, किंवा सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हिसमधून प्रोग्राम चालवला, तर स्टँडर्ड इनपुट रिकामं असतं. रीडलाइनला लगेच नल मिळतो, ती पुढे जाते, आणि आपण पुन्हा मूळ दुखण्यावर येतो. रीडलाइनऐवजी रीडकी वापरली असेल तर इनपुट रीडायरेक्ट असताना ती सरळ इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन फेकते. माझ्या मते तिन्हींत हाच प्रकार बरा, निदान काहीतरी बिघडलंय हे दिसतं तरी.

थ्रेड.स्लीप(१००००) हा याचाच भाऊ. दहा सेकंद आज पुरतात, यादी दुप्पट झाली की पुरत नाहीत.

खरा उपाय: मेनलाच असिंक करा

सी शार्पमध्ये असिंक-अवेट आलं २०१२ साली, आवृत्ती ५ मध्ये. पण एंट्री पॉइंट असिंक करायची मुभा मिळायला ऑगस्ट २०१७ मधली ७.१ ही आवृत्ती यावी लागली. मधल्या पाच वर्षांत लिहिलेली उत्तरं आणि ट्युटोरियलं अजून शोधात वर येतात, आणि ‘मेन असिंक करता येत नाही’ हे वाक्य त्यामुळे अजून फिरत असतं. आता करता येते:

    स्टॅटिक असिंक टास्क मेन(स्ट्रिंग[] आर्ग्स)
    {
        कन्सोल.राइटलाइन("सुरू");
        अवेट सेंडऑलअसिंक();
    }

बस. यात कुठली जादू नाही. कंपायलर पडद्यामागे एक साधी, सिंक्रोनस एंट्री मेथड तयार करतो. ती तुमच्या मेनला कॉल करते आणि मिळालेल्या टास्कवर गेटअवेटर().गेटरिझल्ट() म्हणून पूर्ण होईपर्यंत थांबते. कुठेतरी, कोणीतरी एका जागी थांबून राहणं अटळच आहे. फक्त ती जागा एकच असावी आणि अगदी वरची असावी. तिच्या खाली सगळीकडे अवेट.

सी शार्प ९ पासून, म्हणजे डॉट नेट ५ बरोबर, मेन लिहायचीही गरज उरली नाही. फाइलमध्ये थेट विधानं लिहा, त्यात अवेट वापरा, कंपायलर योग्य ती असिंक मेन स्वतः बनवतो.

परतीचा प्रकार मात्र टास्क किंवा टास्क<इंट> हवा. ‘असिंक व्हॉइड मेन’ लिहून बघितलं तर सीएस४००९ येतो: व्हॉइड किंवा इंट परत करणारा एंट्री पॉइंट असिंक असू शकत नाही. हा एरर त्रासदायक वाटतो, पण तो आपल्या भल्याचा आहे. व्हॉइडमधून टास्कच मिळत नाही, मग थांबायचं कशावर?

‘मी असिंक टास्क मेन लिहिली तरी बिल्ड होत नाही’

इथे बहुतेकांना सीएस५००१ दिसतो: प्रोग्राममध्ये एंट्री पॉइंट व्हायला योग्य अशी स्टॅटिक मेन मेथड नाही. समोर मेन धडधडीत दिसत असते आणि कंपायलर म्हणतो नाही. अशा वेळी एरर लिस्ट पूर्ण वाचावी. बहुधा जवळच सीएस८१०७ असतो आणि तो मुद्द्याचं बोलतो: ‘असिंक मेन’ ही सोय सी शार्प ७.० मध्ये नाही, ७.१ किंवा पुढची आवृत्ती वापरा.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ चा डिफॉल्ट होता ‘सर्वांत नवी मेजर आवृत्ती’. म्हणजे कंपायलरला ७.१ येत असली तरी तो ७.० च्याच नियमांनी चालायचा, तुम्ही स्वतः सांगेपर्यंत. सांगायची जागा: प्रोजेक्ट प्रॉपर्टीज, बिल्ड टॅब, खाली ॲडव्हान्स्ड बटण, लँग्वेज व्हर्जन.

आणि याच डायलॉगमध्ये एक सापळा आहे. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये डीबग आणि रिलीज यांचे प्रॉपर्टीग्रुप वेगवेगळे असतात. बिल्ड टॅबवर वर ‘डीबग’ निवडलेलं असताना आवृत्ती बदलली, तर लँगव्हर्जन हा टॅग फक्त डीबगच्या गटात लिहिला जातो. तुमच्या मशीनवर सगळं हिरवं. बिल्ड सर्व्हर रिलीज कॉन्फिगरेशन घेतो आणि तिथे सीएस५००१. “माझ्याकडे चालतंय” या वाक्याचं इतकं निखळ उदाहरण क्वचित मिळेल. उपाय म्हणजे कॉन्फिगरेशनच्या यादीत ‘ऑल कॉन्फिगरेशन्स’ निवडून मग बदल करायचा, किंवा प्रोजेक्ट फाइल टेक्स्ट म्हणून उघडून लँगव्हर्जन कोणतीही अट नसलेल्या पहिल्या प्रॉपर्टीग्रुपमध्ये हलवायचा. मी दुसरा मार्ग घेतो. डायलॉगने नक्की कुठे काय लिहिलं याची शंका राहत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ पासून हा प्रश्न जवळजवळ मिटला. आता डिफॉल्ट आवृत्ती टार्गेट फ्रेमवर्कवरून ठरते, आणि जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टलाही ७.३ मिळते. असिंक मेन ही कंपायलरची करामत आहे, तिला नवा रनटाइम लागत नाही. त्यामुळे फ्रेमवर्क ४.५ वरचा प्रोजेक्टही नव्या कंपायलरने बिल्ड केला तर असिंक मेन चालते. ‘आमचा सर्व्हर जुना आहे’ ही अडचण इथे लागू होत नाही.

बिल्ड होतं पण नवी मेन चालतच नाही, असंही कधी दिसतं. प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या एखाद्या क्लासमध्ये जुनी ‘स्टॅटिक व्हॉइड मेन’ राहून गेलेली असते. सिंक्रोनस आणि असिंक अशा दोन्ही सापडल्या की कंपायलर सिंक्रोनस निवडतो आणि सीएस८८९२ ही वॉर्निंग देऊन मोकळा होतो. जुनी मेन काढून टाका.

कंपायलर खरंच बदलता येत नसेल तर

काही ठिकाणी बिल्ड सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असतो, त्यावर हात लावता येत नाही. तिथे जे काम कंपायलर करतो ते आपणच हाताने लिहायचं:

    स्टॅटिक व्हॉइड मेन(स्ट्रिंग[] आर्ग्स)
    {
        मेनअसिंक(आर्ग्स).गेटअवेटर().गेटरिझल्ट();
    }

आणि सगळा खरा कोड मेनअसिंकमध्ये. मेनमध्ये ही एकच ओळ ठेवा, म्हणजे पुढे कधी कंपायलर बदलला तर मेन पुसून मेनअसिंकचं नाव बदलणं एवढंच काम उरेल.

‘त्यापेक्षा .वेट() छोटं नाही का?’ छोटं आहे, थांबतंही तितकंच. फरक एक्सेप्शनमध्ये पडतो. वेट आणि रिझल्ट दोन्ही मूळ एक्सेप्शनला ॲग्रिगेटएक्सेप्शनच्या वेष्टनात गुंडाळून फेकतात. समजा गेटवे बंद आहे आणि एचटीटीपीरिक्वेस्टएक्सेप्शन आलं. तुम्ही मेनमध्ये नेमकं तेच पकडणारा कॅच लिहिलाय. वेट वापरलं असेल तर तो कॅच लागणारच नाही, कारण बाहेर येणारा प्रकार वेगळा आहे. जुन्या फ्रेमवर्कवर लॉगमध्ये फक्त ‘एक किंवा अधिक चुका झाल्या’ अशा अर्थाचा निरुपयोगी संदेश उरतो आणि खरं कारण इनरएक्सेप्शनमध्ये दडून बसतं. गेटअवेटर().गेटरिझल्ट() मूळ एक्सेप्शन जसंच्या तसं फेकतं. लिहायला लांब आहे, पण रात्री दोन वाजता लॉग वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा.

डेडलॉक होईल ना?

“गेटरिझल्ट वापरू नका, डेडलॉक होतो”, म्हणजे दोन कामं एकमेकांची वाट बघत कायमची अडकतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बरोबर आहे, पण कन्सोल प्रोग्रामच्या मेनला लागू नाही. का ते समजून घ्यायला हवं, नाहीतर माणूस कन्सोलमध्ये उगाच घाबरतो आणि विनफॉर्म्समध्ये (खिडक्या-बटणांच्या विंडोज प्रोग्राममध्ये) बिनधास्त राहतो.

अवेट थांबताना आजूबाजूला सिंक्रोनायझेशनकॉन्टेक्स्ट, म्हणजे उरलेलं काम कुठे चालवायचं ते ठरवणारी वस्तू, आहे का ते बघतो. असला तर उरलेलं काम त्याच्याकडे सोपवतो. कन्सोलमध्ये असा कॉन्टेक्स्ट नसतो, म्हणून उरलेलं काम थ्रेड पूलच्या कुठल्याही मोकळ्या थ्रेडवर चालतं. मेन थ्रेड गेटरिझल्टवर अडून बसला तरी त्याच्यावाचून कोणाचं अडत नाही.

विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफमध्ये कॉन्टेक्स्ट असतो आणि तो उरलेलं काम यूआय थ्रेडच्याच (खिडकी हाताळणाऱ्या थ्रेडच्याच) रांगेत टाकतो. यूआय थ्रेड गेटरिझल्टवर टास्क संपायची वाट बघतोय, टास्कचा उरलेला भाग यूआय थ्रेड मोकळा होण्याची. खिडकी गोठते, शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. जुन्या एएसपी डॉट नेटमध्येही हेच, तिथे रिक्वेस्ट लटकते. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये असा कॉन्टेक्स्ट नाही, पण म्हणून तिथे गेटरिझल्ट शिंपडत सुटू नये. प्रत्येक अडलेली रिक्वेस्ट पूलचा एक थ्रेड अडवते, आणि लोड वाढला की पूल आटतो.

विनफॉर्म्समध्ये आणखी एक गुंता आहे. फॉर्म सुरू होण्याआधी सेटिंग सर्व्हरवरून आणायची म्हणून लोक मेन असिंक करतात आणि अवेटनंतर ॲप्लिकेशन.रन() लिहितात. मेनवर एसटीएथ्रेड हे ॲट्रिब्यूट असतंच, पण अवेटनंतरचा कोड पूलच्या थ्रेडवर येतो आणि तो थ्रेड एसटीए, म्हणजे विंडोजच्या काही सोयींना लागतो तशा ‘सिंगल थ्रेड अपार्टमेंट’ प्रकारचा, नसतो. फॉर्म उघडतोही. मग वापरणारा फाइल उघडायचा डायलॉग मागतो किंवा क्लिपबोर्डवर काही कॉपी करतो आणि थ्रेडस्टेटएक्सेप्शन येतं: ओएलई कॉल करण्याआधी थ्रेड सिंगल थ्रेड अपार्टमेंटमध्ये हवा. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफची मेन सिंक्रोनसच राहू द्या. सुरुवातीचं असिंक काम फॉर्मच्या लोड किंवा शोन इव्हेंटच्या हँडलरमध्ये न्या. इव्हेंट हँडलर ही ‘असिंक व्हॉइड’ची एकमेव मान्य जागा आहे, आणि तिथेही आत ट्राय-कॅच हवाच.

मेन असिंक केली, अवेट लावला, तरी लवकर संपतं

हा प्रश्न मला मूळ प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यात कोड वरवर अगदी बरोबर दिसतो. सेंडऑलअसिंक आतून अशी असते:

    वार लिस्ट = अवेट गेटलिस्टअसिंक();
    लिस्ट.फॉरईच(असिंक क => अवेट सेंडअसिंक(क));

असिंक आहे, अवेट आहे, वॉर्निंग एकही नाही. तरी एसेमेस जात नाहीत. दोष लिस्टच्या फॉरईच या मेथडच्या सिग्नेचरमध्ये आहे. ती ॲक्शन घेते, आणि ॲक्शन काहीच परत करत नाही. त्यामुळे आपला असिंक लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची मेथड) मुकाट्याने असिंक व्हॉइड बनतो. फॉरईच प्रत्येक ग्राहकासाठी पहिल्या अवेटपर्यंत जाते, पुढच्यावर सरकते, आणि सगळे सुरू केले की संपते. वाट बघायला टास्क हातात नाहीत. सीएस४०१४ येत नाही, कारण अवेट न केलेला असा कॉल कंपायलरच्या दृष्टीने इथे नाहीच. आणि असिंक व्हॉइडमध्ये एक्सेप्शन आलं तर ते कोणाच्याही कॅचमध्ये न जाता थेट प्रोसेस पाडतं, अर्थात प्रोसेस तोवर टिकली असेल तर.

साधं फॉरईच विधान लिहा आणि आत अवेट करा. एसेमेस एकामागून एक जातील. रात्रीच्या कामाला बहुतेक वेळा तेच पुरेसं असतं आणि गेटवेवालाही खूश राहतो. वेग हवा असेल तर

    अवेट टास्क.व्हेनऑल(लिस्ट.सिलेक्ट(क => सेंडअसिंक(क)));

पण हे सगळे नंबर एकदम सोडतं. हजारो नंबर असतील तर डॉट नेट ६ पासून मिळणारी पॅरलल.फॉरईचअसिंक वापरा, तिला एका वेळी किती ते सांगता येतं. नुसत्या पॅरलल.फॉरईचला असिंक लॅम्डा देऊ नका, तिथेही वरचाच असिंक व्हॉइडचा घोळ होतो. व्हेनऑलबद्दल एक लक्षात ठेवा: पाच नंबर फसले तरी अवेट त्यातलं एकच एक्सेप्शन फेकतो. बाकीची हवी असतील तर व्हेनऑलने दिलेला टास्क आधी व्हेरिएबलमध्ये ठेवून कॅचमध्ये त्याची एक्सेप्शन प्रॉपर्टी बघावी लागते. मी सेंडअसिंकच्या आतच पकडून नंबरासकट लॉग करणं पसंत करतो.

दुसरी लपलेली जागा टास्क.फॅक्टरी.स्टार्टन्यू. तिला असिंक लॅम्डा दिला की टास्कच्या आत टास्क परत येतो, आणि आपला अवेट बाहेरच्यावर थांबतो, जो आतल्या पहिल्या अवेटपाशीच ‘पूर्ण’ होतो. टास्क.रन वापरा, ती आतला टास्क स्वतः उलगडते.

प्रोजेक्ट फाइलमध्ये सीएस४०१४ ला एरर करून टाकणं फायद्याचं आहे. वरच्या दोन जागा त्याने पकडल्या जात नाहीत, पण राहून गेलेले साधे अवेट पकडले जातात.

एक्झिट कोड आणि कंट्रोल-सी

शेड्युलरला खरं कळायला हवं असेल तर ‘असिंक टास्क<इंट> मेन’ लिहा आणि सगळं पाठवून झालं तर ०, काही राहिलं तर १ परत करा. न पकडलेलं एक्सेप्शन बाहेर गेलं तर विंडोजवर कोड येतो -५३२४६२७६६. हा आकडा शेड्युलरमध्ये हेक्समध्ये दिसतो आणि लोक त्यावर तासन्‌तास शोध घेतात. त्याचा अर्थ फक्त ‘डॉट नेटचं एक्सेप्शन कोणी पकडलं नाही’ एवढाच, कारण लॉगमध्ये किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्येच मिळेल. मधल्या कुठल्यातरी मेथडमधून एन्व्हायर्नमेंट.एक्झिट() करून कोड देऊ नका, फायनली ब्लॉक चालत नाहीत आणि लॉगरच्या बफरमधल्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत कामाच्या, ओळी जातात.

मध्येच थांबवायची सोय हवी असेल तर कॅन्सलेशनटोकनसोर्स मेनमध्ये तयार करा, कन्सोल.कॅन्सलकीप्रेसच्या हँडलरमध्ये ई.कॅन्सल = ट्रू करून सोर्सवर कॅन्सल() म्हणा, आणि टोकन खालपर्यंत पोचवा. ई.कॅन्सल विसरलात तर प्रोसेस लगेच मरते आणि टोकनचा काही उपयोग राहत नाही. डॉकर स्टॉप मात्र कंट्रोल-सी पाठवत नाही, सिगटर्म (‘आता थांब’ असा सिग्नल) पाठवतो आणि डिफॉल्ट १० सेकंदांनी सरळ मारतो. कंटेनरमध्ये चालवायचं असेल तर डॉट नेटचा जेनेरिक होस्ट (प्रोग्रामची सुरुवात आणि शेवट सांभाळणारी तयार चौकट) वापरावा, तो सिगटर्मही सांभाळतो. शेड्युलरवरच्या पन्नास ओळींच्या कामाला मात्र होस्ट, डिपेंडन्सी इंजेक्शन आणि तीन सेटिंग फाइली आणायची गरज मला वाटत नाही.

कॅन्सल हाताळताना एक गंमत दिसेल. एचटीटीपीक्लायंटचा डिफॉल्ट टाइमआउट १०० सेकंदांचा आहे आणि तो उलटला की टास्ककॅन्सल्डएक्सेप्शन येतं. लॉगमध्ये ‘कॅन्सल झालं’ वाचून कोणी कंट्रोल-सी दाबलं याचा शोध सुरू होतो. कॅचमध्ये आपल्या टोकनवर कॅन्सल मागितलं होतं का ते तपासा. मागितलं नसेल तर तो टाइमआउट समजा.

पायथॉन आणि नोडवाल्यांसाठी

पायथॉनमध्ये लक्षण सारखं दिसतं, कारण वेगळं. असिंक फंक्शन नुसतं कॉल केलं तर सी शार्पसारखं पहिल्या अवेटपर्यंतही जात नाही, सुरूच होत नाही. ‘कोरूटीन कधीच अवेट झाली नाही’ अशी रनटाइमवॉर्निंग येते. ३.७ पासून असिंकआयओ.रन(मेन()) हे एंट्री पॉइंटवरचं उत्तर आहे. तीच ओळ ज्युपिटर नोटबुकमध्ये टाकली तर रनटाइमएरर येतो, कारण तिथे इव्हेंट लूप आधीच चालू असतो. सेलमध्ये थेट अवेट मेन() लिहा. नोडमध्ये नेटवर्कची विनंती किंवा टायमर बाकी असेपर्यंत प्रोसेस जिवंत राहते, त्यामुळे ही तक्रार तिकडून फारशी येत नाही.

दुरुस्ती झाली का ते कसं बघायचं

व्हिज्युअल स्टुडिओतून चालवून खात्री करू नका. रिलीज बिल्ड करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इनपुट बंद करून, म्हणजे ‘नल’ डिव्हाइसवरून रीडायरेक्ट करून, प्रोग्राम चालवा. रीडलाइन कुठे राहून गेली असेल तर ती आता आधार देणार नाही. मेनच्या शेवटच्या ओळीत ‘संपलं’ आणि किती पाठवले तो आकडा छापा. तो आकडा यादीच्या आकड्याशी जुळायला हवा. नुसतं ‘संपलं’ दिसून भागत नाही, कारण फॉरईचच्या घोळातही ते दिसतंच. मग गेटवेचा पत्ता मुद्दाम चुकीचा देऊन पुन्हा चालवा आणि कमांड प्रॉम्प्टवर ‘एररलेव्हल’ हे व्हेरिएबल छापून बघा. पॉवरशेल असेल तर ‘लास्टएक्झिटकोड’. गेटवे बंद असूनही तिथे ० आला, तर कुठलातरी टास्क अजून कोणी बघत नाहीये. सेंडअसिंकपासून एकेक मेथड वर चढत मेनपर्यंत या, आणि प्रत्येक पायरीवर टास्क परत येतोय का व त्याला अवेट लागलाय का ते तपासा.